फळीत न मावलेला शब्द

जगात जे काही चांगलं झालं ते चांगल्या माणसांनी चांगल्या मनानं केलं, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यांचं काय जातं. त्यांनी थोरलीला चिडलेलं कधी पाहिलं नाही.

थोरली म्हणजे चढावरच्या गल्लीतल्या सुताराची बायको. गल्ली म्हणायचं एवढंच, होता तो जिनाच. खालच्या बाजारापासून वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नुसत्या दगडी पायऱ्या, आणि दोन्ही अंगांना एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन उभी असलेली घरं. बरोबर मध्यावर एक सपाट टप्पा होता. त्या टप्प्याला लागून सुतारांचं घर. खाली मोठा भाऊ आणि थोरली, वर धाकटा भाऊ आणि धाकटी. वरच्यांचं दार आणखी एक दम चढून गेल्यावर लागायचं.

मोठा खुर्च्या करायचा, धाकटा त्यांना पॉलिश करायचा, आणि बैठकीचा वेत थोरली विणायची. एका खुर्चीला घरातल्या तिघांचे हात लागत. वेताच्या पात्यानं थोरलीची बोटं अशी चिरलेली असत की पिठात हात घालायचा म्हटलं तरी ती आधी दात आवळायची. गावभरच्या लोकांच्या बुडाची सोय करण्यात तिची कंबर गेली होती. धाकट्याची छाती गेली होती. लाकडाची भुकटी आणि पॉलिशचा वास नाकातोंडात जाऊन त्याचा श्वास आता जुन्या भात्यासारखा वाजायचा.

मग सासरा गेला आणि वाटणी निघाली. हत्यारं वाटली, फळ्या वाटल्या, छप्पर वाटलं, कपडे वाळत घालायच्या दोरीवर मधोमध गाठ मारली. राहता राहिलं एक बाकडं. सासऱ्यानं उरल्यासुरल्या तुकड्यांचं केलेलं, पाठीला आडवी फळी असलेलं, ना धड लांब ना धड आखूड. बाजारात कुणी फुकट नेलं नसतं. पण वाटणीत माणूस वस्तूवर भांडत नाही, दुसऱ्याच्या तोंडावर भांडतो.

"बाकडं आमच्याकडे राहील," थोरली म्हणाली. "मी त्याच्यावर बसून वेत विणते."

"बसूनच तर खाल्लंत आजवर, वहिनी," धाकटा म्हणाला. "आता बाकडं तरी सोडा."

बोलला आणि खोकला. खोकला आला म्हणून शब्द मागे जात नाही.

मोठा तिथंच होता. तो पटाशीला धार लावत राहिला. या माणसाची पटाशी नेमकी घरात भांडण लागलं की बोथट व्हायची.

थोरली उठली. तिनं बाकडं एकटीनं उचललं, दारातून तिरकं करून बाहेर काढलं, टप्प्यावर भिंतीशी आदळलं. ना तुम्हाला, ना आम्हाला. तेवढ्यानं पोट भरेना, म्हणून दाराला लावून उरलेला लाल रंग आणि ब्रश घेऊन आली आणि पाठीच्या फळीवर लिहायला बसली. लिहायचं होतं, 'बसा आता बोंबलत'. दिराला अहोजाहो करायची पद्धत, तेव्हा शिवीसुद्धा आदरानं. पण तिची शाळा पाटीपुरतीच झालेली. तिला बारीक अक्षर येत नव्हतं, आणि राग तर चांगलाच मोठा होता. 'बसा' ला अर्धी फळी गेली. 'आता' ला उरलेली. 'बोंबलत' ला जागाच राहिली नाही.

तिनं ब्रश हातात धरून जरा विचार केला. म्हटलं, ज्याला कळायचं त्याला कळेल.

त्याला कळलंही. अडचण एवढीच झाली की त्या अख्ख्या गल्लीत ते फक्त त्यालाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या टोकाला राहणारी म्हातारी शिंपीण बाजारातून पिशवी घेऊन चढत आली. टप्प्यावर थांबली, फळीवरचं वाचलं, आणि बुड टेकून असा सुस्कारा सोडला की आत वेत भिजत घालणाऱ्या थोरलीला तो खिडकीतून ऐकू आला.

"कुणी ठेवलं गं हे?"

"मी ठेवलंय," थोरली भांडायच्या सुरात म्हणाली. "का?"

"आणि वर लिहिलंयस पण. बसा आता." शिंपिणीनं फळीवरून हात फिरवला. "नुसतं बसा नाही हो, बसा आता. म्हणजे, खूप चढलात, पुरे झालं, बसा आता. माझ्या गुडघ्यांशी आजवर असं कुणी बोललं नव्हतं बघ."

थोरलीच्या ओठांवर खरं आलं होतं. पण सकाळची वेळ, म्हातारं माणूस, आणि खरं सांगायचं तर कौतुक. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचं कौतुक असं कुणी केलं नव्हतं. तिनं खरं गिळलं आणि म्हातारीला पाणी नेऊन दिलं. म्हटलं, पाण्याला काय, पाजलं म्हणून आपण देवमाणूस थोडेच ठरतो.

ठरली. संध्याकाळपर्यंत ठरली. शिंपिणीचं तोंड म्हणजे तिच्या मशीनपेक्षा वेगात चालणारं.

पुढं जे झालं ते थोरलीच्या हातात राहिलं नाही. गॅसच्या टाक्या वाहणारा टप्प्यावर टाकी उतरवून बसू लागला. टपालवाला बसू लागला. ज्यांचं एकमेकांशी वाकडं होतं अशी दोन म्हातारी माणसं, एका बाकड्यावर दुसरी जागाच नाही म्हणून, शेजारी बसली आणि बोलायला लागली. त्यांच्या घरच्यांना तर कोर्टातून सुटल्यासारखं झालं. मग खालच्या इस्त्रीवाल्यानं आपल्या दाराशी एक मोडकं स्टूल ठेवलं. वरच्या बाईनं पालथी बादली ठेवली आणि तिच्यावर उशी बांधली. प्रत्येकानं आपापल्या वस्तूवर रंगानं, खडूनं, कोळशानं लिहिलं, 'बसा आता'. त्यांना वाटलं, असंच लिहायचं असतं. गुडघ्यांपायी कैक वर्षं घराबाहेर न पडलेली माणसं एकेक टप्पा घेत खाली बाजारात पोचली आणि बाजार किती बदलला म्हणून शिव्या द्यायला लागली. माणूस पुन्हा जगात आल्याची ती खूणच समजायची. शेजारच्या गल्लीनं उचललं, मग पलीकडच्या वस्तीनं. बस थांब्यावर खुर्च्या आल्या, दवाखान्याच्या ओट्यावर सतरंजी आली. एका शिवीचं शेपूट फळीत मावलं नाही, म्हणून अर्ध्या शहराच्या पायांना आराम मिळाला.

मग वर्तमानपत्रवाला आला. मान एका बाजूला झुकवून ऐकायची त्याला सवय होती.

"ही कल्पना तुम्हाला कशातून सुचली, ताई?"

"रागातून," थोरली म्हणाली. ती काही खोटं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी छापून आलं, की समाजाच्या असंवेदनशीलतेवरच्या धगधगत्या रागातून या सामान्य गृहिणीच्या मनात करुणेचा झरा फुटला. खाली तिचा फोटो. फोटोत ती कपाळाला आठ्या घालून उभी होती. त्याला त्यांनी चिंतनशील मुद्रा म्हटलं.

मोठ्यानं ते दोनदा वाचलं. "धगधगता ते खरंय," म्हणाला, आणि पटाशी शोधायला गेला.

एक माणूस मात्र त्या बाकड्यावर बसला नाही.

वाटणीनंतर धाकटा खाली बाजारात पॉलिशच्या कामाला जायचा आणि रोज संध्याकाळी चढत यायचा. टप्प्यावर पोचेपर्यंत त्याचे ओठ निळसर झालेले असत. बाकडं रिकामं असलं तरी तो त्याच्याशेजारी भिंतीला हात लावून उभा राहायचा. कुणी बघितलं तर बुटात खडा गेल्यासारखं करायचा, नाहीतर आभाळाकडे बघायचा, जणू आज आभाळाला पॉलिश कुणी केलंय. कैक दिवस त्याच जागी पॉलिशनं रंगलेला तोच पंजा टेकून टेकून भिंतीवर तपकिरी हात उमटला होता. थोरली खिडकीशी वेत विणता विणता तो हात बघायची. आत राहूनही तिला त्याचा श्वास मोजता येई, इतका तो वाजायचा.

पहिले काही दिवस तिला बरं वाटलं. मग वाईट वाटायला लागलं. मग वाईट वाटतंय म्हणून राग यायला लागला.

एकदा दुपारी धाकटी खाली आली. वाटणीनंतर पहिल्यांदा. दारातच उभी राहिली.

"ताई, ते खोडा."

"काय खोडू?"

"तुम्हाला माहितीये काय. डॉक्टरनं सांगितलंय, अर्ध्यात बसून दम घेतल्याशिवाय चढायचं नाही. परवा वरच्या पायरीवर भोवळ आली त्यांना. मी धरलं म्हणून."

"मग बसावं. सगळी दुनिया बसते."

"दुनियेला वाचता येत नाही, ताई. त्यांना येतं."

"आणि मला म्हणाले ते? बसून खाल्लं म्हणाले. हे बघ." थोरलीनं दोन्ही हात पुढं केले. चिरांवर चिरा, काही ओल्या. "हे बसून खाणाऱ्या बाईचे हात आहेत का?"

धाकटीनं हात बघितले. "नाहीत," म्हणाली. "पण ते माझ्या तोंडून ऐकून तुम्हाला काय फायदा. तुमचा गडी बोलत नाही आणि माझ्या गड्याला दम पुरत नाही. बोलायचं काम आपल्याच वाट्याला आलंय दोघींच्या."

ती गेल्यावर थोरलीनं टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी घेतली. माघार घ्यायची नव्हती. फक्त अक्षरं घालवायची होती, दोहोंत फरक आहे असं ती स्वतःला सांगत होती. 'बसा' मधला काना निम्मा पुसला गेला तोच वरून शिंपिणीचा आवाज आला.

"अगंबाई, फिकं झालं वाटतं? अगं, एवढी कसली लाजतेस? करणारे करतात आणि पुसून टाकतात, हीच तर मोठी माणसं."

दुसऱ्या सकाळी गल्लीतल्या कुणीतरी ती अक्षरं पुन्हा गिरवलेली होती. जास्त ठसठशीत, कडेनं वेलबुट्टी. वर एक फूल. थोरली त्या फुलाकडे बराच वेळ बघत राहिली. आपलीच शिवी आपल्याला पुसता येऊ नये, याला प्रसिद्धी म्हणतात.

आता उपाय एकच होता. तोंडानं सांगायचं. भाऊजी, बसा. दोनच शब्द. ते काही तिला जमेना. आधी त्यांनी आपला शब्द मागे घ्यावा, मग मी. आणि तिकडे वरच्या मजल्यावर तोही नेमकं तेच म्हणत असणार, कारण दोघंही एकाच घरात मुरलेले होते.

अशात नागरी सोयी खात्याला करुणेचा सुगावा लागला.

आधी एक साहेब येऊन टप्प्याचे फोटो काढून गेले. मग योजना झाली, योजनेला नाव पडलं, नावाला समिती मिळाली. गल्लीतली स्टुलं, बादल्या, मोडक्या खुर्च्या विद्रूप दिसतात म्हणून उचलायच्या ठरल्या. त्यांच्या जागी स्टीलची आसनं. प्रत्येक आसनाला मधे दांडे, म्हणजे कुणी आडवं होऊ नये. बैठक जराशी उतरती, म्हणजे कुणी फार वेळ बसू नये. आणि प्रत्येकावर पाटी, 'नागरिकांनी कृपया अल्पकाळ आसनस्थ व्हावे'. थोरलीचं मूळ बाकडं मात्र मानानं नेणार होते, खात्याच्या मुख्य इमारतीत. काचेच्या पेटीत ठेवणार होते.

"पेटीत?" शिंपिणीनं विचारलं. "मग त्याच्यावर बसणार कोण?"

"त्याच्यावर बसायचं नाही, आजी," साहेब हसून म्हणाले. "त्याच्यापासून प्रेरणा घ्यायची."

समारंभ संध्याकाळी होता. टप्पा झाडून घेतला. आसनं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली. कागद प्रमुख पाहुण्यांनी फाडायचा, आणि पाहुणे अजून वाटेत होते, तोवर कुणीही आसनस्थ व्हायचं नव्हतं. बाकड्याला एक फीत बांधली होती. बाकडं न्यायला दोन हमाल खालून येऊन उभे होते. आणि बाकड्याशेजारची भिंत, जिच्यावर तपकिरी पंजा होता, ती डाग वाईट दिसतो म्हणून त्याच दुपारी पांढरी रंगवून तिथं संगमरवरी फलक बसवला होता. फलकावर करुणा हा शब्द दोनदा होता.

थोरलीला पुढं उभं केलं होतं. मोठा मागे, गर्दीत, रिकाम्या हातांनी. पटाशी घरी राहिल्यामुळे त्याला हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं.

पाहुण्यांना उशीर झाला तसे साहेब म्हणाले, "ताई, तोवर तुम्हीच दोन शब्द बोला."

तिच्या तोंडापुढं माइक आला. आणि तेवढ्यात खालच्या पायऱ्यांवरून तो भाता ऐकू आला.

धाकटा चढत होता. त्याला समारंभाशी देणंघेणं नव्हतं, त्याला घरी जायचं होतं. गर्दीनं वाट दिली. तो टप्प्यावर आला आणि सवयीनं हात भिंतीकडे गेला. पण पॉलिशवाल्याचा हात तो. ओला रंग त्याला बोटभर अंतरावरून कळतो. हात हवेतच थांबला. माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्याचा ओला रंग कधी बिघडवला नव्हता, आताही बिघडवेना. एका बाजूला ओली भिंत, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं स्टील, आणि मधे ते बाकडं. तो नुसता उभा राहिला आणि उभ्या उभ्या झुलायला लागला. वर दारात धाकटी ओढणी तोंडाशी धरून उभी होती.

थोरलीला भिंतीवर तो हात दिसेना. रोज सवयीनं बघायची ती जागा पांढरीफट्ट. 

"भाऊजी," ती म्हणाली. माइकमधून ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. "बसा आता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण झालं असं त्यांना वाटलं. इतकं नेमकं भाषण त्यांनी ऐकलं नव्हतं.

धाकटा जागचा हलला नाही. त्यानं दम गोळा केला. "आणि पुढचा शब्द, वहिनी?"

माइक तिनं बाजूला सारला. "तो फळीत मावला नाही."

"मावला असता तर लिहिला असता."

"असता," थोरली म्हणाली. "आज फळी लांब असती तरी लिहिला नसता. आता बसता की उचलून बसवू?"

तो बसला. बसला कसला, सांडला. फीत त्याच्या गुडघ्याखाली तुटली ते कुणाला कळलंही नाही. मान खालीच ठेवून, एकेक शब्द मधे श्वास घेत तो म्हणाला, "फळी माझी लांब होती, वहिनी. त्या दिवशी सगळंच बोलून बसलो."

थोरली पुढं झाली. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि मांडीवर हात उताणे ठेवले, चिरा वर. त्यानं ते बघितले. पॉलिशचे हात वेताच्या हातांना ओळखतात. मोठा गर्दीतून वाट काढत आला आणि त्या दोघांच्या मागे उभा राहिला. एवढंच केलं, पण पटाशीशिवाय केलं.

इतक्यात खालून निरोप आला की पाहुणे चढायला लागलेत. साहेब लगबगीनं आले.

"चला, उठा उठा. बाकडं आधी हलवायचंय. पाहुण्यांच्या हस्ते ते रवाना व्हायचंय."

"त्यांचा दम येऊ दे," थोरली म्हणाली.

"किती वेळ लागेल?"

"ते दमाला विचारा."

हमालांनी एकमेकांकडे बघितलं आणि तेही बाकड्याच्या उरलेल्या टोकाला टेकले. बसा आता, असं लिहिलेलं होतं, आणि तेही पायऱ्या चढूनच आले होते. शिंपीण त्यांच्यात कशीबशी घुसली. साहेब घामाघूम झाले होते. अंगात जाड कोट, खालून चढून आलेले, आणि सकाळपासून उभे. त्यांनी प्लास्टिकमधल्या आसनाकडे एकदा बघितलं. पण नियम त्यांनीच केला होता.

"अहो बाई," ते शेवटी म्हणाले, आवाज जरा चिरका झाला होता, "तुम्ही सगळे असे बसून राहिलात, तर आम्ही करायचं तरी काय?"

थोरलीनं त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. इतके दिवस घशात अडकलेला तिसरा शब्द आपोआप वर आला, आणि या वेळी जागेची अडचण नव्हती.

"बसा आता बोंबलत," ती म्हणाली.

शेजारी धाकटा हसला आणि हसता हसता खोकला, आणि खोकल्यातून पुन्हा हसला. वर दारात धाकटीनं तोंडावरची ओढणी काढली. वर्तमानपत्रवाला मान झुकवून सगळं लिहून घेत होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आलं, की समारंभाच्या शेवटीही या माउलीनं दमलेल्या अधिकाऱ्याला आपुलकीनं दोनच शब्द ऐकवले.

तिसरा शब्द त्याच्याही रकान्यात मावला नव्हता. बाकडं मात्र अजून टप्प्यावरच आहे, आणि शेजारच्या पांढऱ्या भिंतीला पुन्हा डाग पडलेला नाही.